ब्लूज जॅम आणि साथीची गिटार

अमेरिकेतील शिकागो शहरात आठवड्याच्या सुरुवातीच्या, गिऱ्हाईक कमी असलेल्या एखाद्या रात्री काही लहान क्लबांमध्ये रंगमंच येईल त्या वादकासाठी खुला ठेवला जातो. या प्रथेला ब्लूज जॅम असे म्हणतात. जॅम म्हणजे तालमीशिवाय, पुष्कळदा एकमेकांची नावेही ठाऊक नसताना, काही वादकांनी ऐनवेळी एकत्र येऊन केलेले वादन. आणि ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरच्या काही दशकांत, कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या शेतावरील हाकाऱ्यांतून, श्रमगीतांतून आणि चर्चमधील सामूहिक गायनातून घडत गेलेला संगीतप्रकार, ज्याची बांधणी इतकी ठरीव आहे की ती अवगत असलेल्या माणसाला अनोळखी मंडळींबरोबरही निभावून नेता येते. प्रस्तुत लेखक हा शाळकरी वयात पेटी आणि कॉलेजात गिटार शिकलेला, पुढे नोकरीनिमित्त शिकागोत स्थायिक झालेला मराठी माणूस असून, तेथील एका क्लबच्या साप्ताहिक जॅममध्ये तो बरीच वर्षे गिटार वाजवत आला आहे. त्याचा दर्जा मध्यम आहे, हे येथेच नमूद केलेले बरे, कारण पुढील विवेचन एखाद्या नामवंताचे नसून यादीत नाव लिहून आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या वादकाचे आहे.

गिटार हे वाद्य घेऊन जॅमला जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात सोलो असतो, म्हणजे गायक थांबल्यावर एकाच वादकाने पुढे येऊन केलेले स्वतंत्र वादन. प्रत्यक्षात या सोलोच्या वाट्याला किती वेळ येतो, याचा हिशेब साधा आहे. एका गटाला सामान्यतः तीन गाणी मिळतात आणि ती मिळून सुमारे वीस मिनिटे चालतात. मिनिटाला १२० मात्रांची मध्यम लय धरली तर ब्लूजचे ४८ मात्रांचे एक आवर्तन २४ सेकंदांत संपते, आणि प्रत्येक गाण्यात गिटारवादकाला दोन आवर्तने मिळाली असे मानले तरी तीन गाण्यांत मिळून त्याचा सोलो अडीच मिनिटांच्या आतच आटोपतो. उरलेली सतरा-अठरा मिनिटे तो दुसऱ्या कोणाची तरी साथ करत असतो. घरी मात्र याच्या नेमका उलटा रियाझ केला जातो, आणि जॅममध्ये नव्याने आलेल्या गिटारवादकाची जी काही फजिती होते तिचे मूळ बहुतांशी या व्यस्त प्रमाणात सापडते.

जॅमच्या या प्रथेमागे स्थलांतराचा मोठा इतिहास उभा आहे. १९१६ च्या सुमारास सुरू होऊन १९७० पर्यंत चाललेल्या ओघात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतील कापसाची शेते आणि तेथील वंशभेदाचे कायदे मागे टाकून उत्तरेकडील व पश्चिमेकडील औद्योगिक शहरांत आली, आणि मिसिसिपी राज्यातून रेल्वेने निघालेल्यांपैकी असंख्य कुटुंबांचा शेवटचा थांबा शिकागो हाच होता. १९४३ साली याच वाटेने मडी वॉटर्स हा गायक-गिटारवादक शहरात आला. गावाकडे लाकडी गिटारवर भागत होते, पण शहरातल्या गोंगाटाने भरलेल्या दारूच्या गुत्त्यांत तिचा आवाज पोचेना, तेव्हा त्याने विजेवर चालणारी गिटार हाती घेतली आणि तिच्याभोवती ड्रम, बास, पियानो व हार्मोनिका असा जो संच जमला तोच शिकागो ब्लूजचा साचा ठरला. आजच्या जॅममधला संचही थोड्याफार फरकाने तोच असतो. शहराच्या दक्षिण भागात १९४९ साली सुरू झालेल्या थेरेसाज लाउंज या तळघरातल्या क्लबसारख्या ठिकाणी ठरलेला बँड वाजवत असे आणि श्रोत्यांत एखादा जाणता वादक दिसला की त्याला वर बोलावून घेत असे. १९५७ साली लुइझियानातून आलेल्या बडी गाय या तरुण गिटारवादकाचा शिरकावही अशाच क्लबांमधून झाला. या बोलावण्याला आणखी एक बाजू होती. दोन गिटारवादकांनी एकमेकांवर मात करण्यासाठी वाजवायचे आणि टाळ्यांच्या गजरावर निकाल ठरायचा, अशा चढाओढीही त्या काळी रंगत असत. आजच्या जॅमला पाहुणचार आणि कुस्ती हे दोन्ही वारसे मिळाले आहेत, आणि कोणत्या रात्री कोणता वारसा वरचढ ठरेल हे पुष्कळ अंशी त्या रात्रीचा जॅम चालवणाऱ्या यजमानावर अवलंबून असते.

ब्लूजची बांधणी मराठी वाचकाला सरगमच्या भाषेत सहज समजेल. एका आवर्तनात बारा खंड आणि प्रत्येक खंडात चार मात्रा असतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा तीन किंवा अधिक स्वरांचा समूह. त्यांपैकी षड्जावर उभारलेली कॉर्ड पहिले चार खंड चालते, पुढचे दोन खंड मध्यमावरची, त्यानंतर दोन खंड पुन्हा षड्जावरची, मग नवव्या खंडात पंचमावरची, दहाव्यात मध्यमावरची, आणि शेवटच्या दोन खंडांत षड्जावर परतून अखेरीस पंचमाला स्पर्श करत गाणे पुन्हा समेकडे ढकलले जाते. या शेवटच्या ढकलण्याला टर्नअराउंड म्हणतात. पुष्कळ गाण्यांत दुसऱ्याच खंडात मध्यमावर जाऊन लगेच परत यायचे असते, त्याला क्विक चेंज म्हणतात, आणि तो आहे की नाही हे गाणे सुरू होण्यापूर्वी विचारून घेणे ही जॅममधली सर्वांत उपयुक्त चौकशी होय. शब्दांची रचनाही यातच बसवलेली असते: चार-चार खंडांच्या तीन ओळी, पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा, पण कोणतीही ओळ चार खंड पूर्ण भरत नाही, ती साधारण निम्म्यावर संपते आणि उरलेल्या जागेत एखादे वाद्य तिला उत्तर देते.

तानपुऱ्याच्या सुरावर कान तयार झालेल्या माणसाला येथे पहिली अडचण येते ती स्वरांच्या घराची. आपल्याकडे षड्ज एकदा लावला की मैफल संपेपर्यंत तो हलत नाही; ब्लूजमध्ये षड्ज पट्टीपुरता कायम असला तरी खालची कॉर्ड बदलत राहते आणि तिच्याबरोबर वरच्या स्वरांची किंमतही बदलते. पहिल्या चार खंडांत गोड वाटलेला शुद्ध गंधार पाचव्या खंडात, मध्यमावरची कॉर्ड लागताच, एकाएकी टोचू लागतो, कारण ब्लूजमध्ये त्या कॉर्डच्या पोटातच कोमल गंधार असतो. या दोन गंधारांच्या मधली, पेटीवर मुळीच न सापडणारी जी जागा आहे, तिथे गिटारवादक तार बोटाने ताणून पोचतो आणि त्या स्वराला ब्लू नोट म्हणतात. मींड, श्रुती आणि आंदोलन यांची सवय असलेल्या भारतीय कानाला हा स्वर परका वाटत नाही. लेखकाला सुरुवातीच्या काळात या गोष्टीचा फायदा झाला आणि पुढे त्याचाच काच झाला, त्याविषयी पुढे येईलच.

जॅमची संध्याकाळ एका कागदापासून सुरू होते. दाराजवळच्या टेबलावर यादी ठेवलेली असते, तिच्यात नाव आणि वाद्य लिहायचे. यजमान, जो बहुधा स्वतः मुरलेला वादक असतो आणि ज्याच्या पदरी ड्रम, बास वगैरे वाजवणारा पगारी हाउस बँड असतो, तो पहिला तासभर स्वतः वाजवतो आणि मग यादीतून चार-पाच जणांचे गट पाडून एकेका गटाला वर बोलावतो. महाराष्ट्रातल्या चक्री भजनात एकामागून एक गायक पुढे सरकतो आणि टाळ-मृदंग मात्र अखंड चालू राहतो, तशीच ही रीत आहे; फरक एवढाच की भजनात मान घरच्या जाणत्यांना आपोआप मिळतो, तर येथे तो यजमानाच्या हातातल्या पेन्सिलीवर ठरतो. यजमानाचे काम वाटते तितके सोपे नाही. यादीत गिटारवादकांची नेहमीच गर्दी असते, ड्रमर दोन आणि बासवादक एक असतो, आणि आपापल्या घरी राजा असलेल्या पाच गिटारवादकांना एका रात्रीत न दुखावता बसवायचे असते. चांगला यजमान एका कच्च्या वादकाबरोबर तीन पक्के देतो, दोन मोठ्या आवाजाचे गिटारवादक एकत्र येऊ देत नाही आणि गायकाला कधीच सर्वांत शेवटी ठेवत नाही. वाईट यजमान आपल्या मित्रांना साडेनऊला वर घेतो आणि परक्यांना मध्यरात्रीनंतर, जेव्हा समोर खुर्च्या उलट्या करणारा नोकर तेवढा उरलेला असतो.

आर्थिक बाजूही लपवण्यासारखी नाही. यजमान आणि हाउस बँड यांना क्लब पैसे देतो, यादीतल्या वादकांना काहीच देत नाही, उलट तेच पेय विकत घेतात, मित्रांना घेऊन येतात आणि टिपांची बादली फिरली की तिच्यातही टाकतात. फुकट संगीत मिळाल्याने व्यावसायिक वादकांची एक रात्रीची रोजी बुडते, असा आक्षेप घेणारे वादक लेखकाने पाहिले आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि त्याच व्यावसायिकांपैकी अनेकांना त्यांचे पहिले काम जॅमच्या रात्रीच, यजमानाच्या कानावर पडूनच मिळालेले असते, हेही तितकेच खरे आहे.

रंगमंचावर गेल्यावर बोलायला वेळ नसतो, म्हणून खुणांची एक भाषा रुळली आहे. पट्टी बोटांनी सांगतात: पाश्चात्त्य स्वरलिपीत त्या पट्टीला जितके शार्प, म्हणजे चढे स्वर, लागतात तितकी बोटे वर, जितके फ्लॅट, म्हणजे उतरे स्वर, लागतात तितकी खाली, म्हणजे एक बोट वर केले तर जी, चार वर केली तर ई, आणि दोन खाली दाखवली तर बी-फ्लॅट. ‘पाचवरून’ असे कोणी म्हटले तर गाणे पहिल्या खंडापासून सुरू न करता पंचमावरच्या नवव्या खंडापासून सुरू करायचे, म्हणजे चार खंडांची लहानशी प्रस्तावना होते आणि गायकाला समेवर येता येते. मूठ वर गेली की हे शेवटचे आवर्तन. हार्मोनिकावाला ई पट्टीतल्या गाण्यासाठी खिशातून ए पट्टीचा हार्मोनिका काढतो, कारण ब्लूजमध्ये हार्मोनिका त्याच्या मूळ पट्टीपेक्षा पंचमाने वरच्या पट्टीत वाजवण्याची चाल आहे. तेव्हा त्याच्या हातातल्या वाद्यावरचे अक्षर वाचून गाण्याची पट्टी ठरवणारा नवखा गिटारवादक हमखास तोंडघशी पडतो.

लेखकाच्या शिक्षणातले पहिले वळण एका यजमानाच्या एका छोट्या सूचनेने आले. तो गृहस्थ पियानो वाजवत असे आणि एका रात्री दोन गिटारवादक वर असताना त्याने लेखकाला एवढेच सांगितले की खालच्या चार तारांना आज हात लावायचा नाही. ही सूचना प्रथम शिक्षेसारखी वाटली. दुसरा गिटारवादक जाड तारांवर शफल धरून होता. शफल म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन जोडायचे आणि तिसऱ्यावर हलका ठोका द्यायचा, जेणेकरून लय लंगडत पण ठामपणे पुढे जाते. बासही त्याच सप्तकात होता, पियानोचा डावा हातही तिथेच, आणि तिसऱ्याने तिथे शिरले असते तर नुसता चिखल झाला असता. वरच्या दोन तारांवर, दर खंडात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, डाव्या हाताची पकड लगेच सैल करून तोडलेली एक आखूड कॉर्ड एवढेच काम उरले. एक गाणे पुरे होईतो लेखकाला ड्रमचा स्नेअर, म्हणजे खाली तारांची जाळी असलेला तो कर्कश ढोलका, आणि स्वतःची ती आखूड कॉर्ड हे एकच वाद्य असल्यासारखे ऐकू येऊ लागले. त्यानंतर नवा गट बनला की आधी कोण कोणत्या सप्तकात बसले आहे ते पाहायचे आणि मग रिकामी जागा शोधायची, ही सवय त्याला लागली.

दुसरे वळण एका वृद्ध गायिकेमुळे आले. मिसिसिपीत जन्मलेली, तरुणपणी चर्चमध्ये गायलेली ही बाई वर्षातून थोड्याच वेळा येत असे, खुर्चीवर बसूनच गात असे आणि बारा खंडांचा हिशेब तिला मुळीच मान्य नसे. एखादी ओळ मनाजोगती उमटली की ती षड्जावर पाच, कधी साडेपाच खंड रेंगाळे, मग एखाद्या ओळीनंतरची उत्तराची जागा गिळून थेट पुढच्या ओळीवर जाई. संगीत महाविद्यालयात शिकलेला एक ड्रमर पहिल्यांदा तिच्यामागे बसला तेव्हा तो प्रामाणिकपणे मोजत राहिला, आणि मोजणारा एकटाच बरोबर असल्यामुळे सगळ्यांत चुकीचा तोच ठरला. तिच्या साथीला मुरलेला बासवादक मात्र तिच्या उजव्या खांद्याकडे पाहत असे. नवी ओळ घेण्यापूर्वी ती श्वास घेई तेव्हा तो खांदा किंचित वर जाई, आणि ती मध्यमावर जाणार की षड्जावरच थांबणार हे तिच्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाच्या उतारावरून कळे. बासवादक त्या क्षणी एक स्वर आधीच लावून बाकीच्यांना वाट दाखवी. ही लहर तिच्या एकटीची नव्हती. जॉन ली हूकरसारखा नामांकित कलावंत एकाच कॉर्डवर गाणे चालवी आणि खंडांची संख्या शब्दांप्रमाणे कमीजास्त करी, आणि त्याची साथ करणाऱ्यांना मोजण्यापेक्षा त्याच्याकडे पाहणेच अधिक उपयोगी पडत असे. बारा खंड हा नियम मुळात गाणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, ही समज लेखकाला त्या खुर्चीमागे उभे राहून आली. ख्यालाच्या साथीला बसलेला पेटीवाला गायकाच्या तोंडाकडे का बघत असतो, हेही त्याला पुण्यात कधी उमगले नव्हते ते तिथे उमगले.

सोलोविषयी थोडे स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. तार ताणण्याची, स्वरावर झुलण्याची भारतीय सवय हाताशी असल्याने लेखकाचे वादन सुरुवातीला श्रोत्यांना वेगळे वाटे आणि त्याला टाळ्याही मिळत. परंतु प्रत्येक स्वराला मींड, प्रत्येक मींडेला आंदोलन असे अलंकार चढत गेल्यावर त्यात ब्लूज उरत नसे. सडेतोडपणासाठी प्रसिद्ध असलेल्या एका हार्मोनिकावादकाने त्याला विचारले की तुझे वाक्य संपते कुठे. बी. बी. किंग हा गिटारवादक जगभर मान्यता पावला तो गाताना गिटार जवळजवळ वाजवतच नसे आणि गिटार वाजवताना गात नसे. त्याची गिटार गाण्याच्या पुढच्या ओळीसारखी येई, चार-सहा स्वर बोले आणि थांबे. त्याहून बोलके उदाहरण ह्युबर्ट समलिनचे आहे. हाउलिंग वुल्फ या गायकाच्या बँडमध्ये असताना त्याला पिक, म्हणजे तार छेडण्याची प्लॅस्टिकची नखी, टाकून द्यावी लागली आणि उघड्या बोटांनी वाजवू लागल्यावर त्याचा वेग आपोआप उतरला, स्वर अधिक टोकदार झाले आणि पुढच्या पिढ्यांनी ज्याचे अनुकरण केले तो ढंग तयार झाला. लेखकाने पिक टाकले नाही, पण एक बंधन स्वतःवर घालून घेतले: जितक्या शब्दांत गायकाने ओळ संपवली तितक्याच स्वरांत पहिले वाक्य संपवायचे आणि मग किमान चार मात्रा हात तारांवर आडवा ठेवून गप्प राहायचे. या चार मात्रा फार लांब वाटतात. त्या मोकळ्या सोडल्या की पियानोवाला किंवा ड्रमर त्यांत काहीतरी टाकतो आणि दुसरे वाक्य कोणत्या दिशेने न्यायचे ते त्याच्याकडून कळते.

उपकरणांविषयी फार बोलण्याची गिटारवादकांची खोड सर्वश्रुत आहे, म्हणून येथे कामापुरतेच. क्लबमध्ये बहुधा निर्वात नळ्यांचा अँप्लिफायर ठेवलेला असतो आणि तो आवाज वाढवल्याशिवाय खुलत नाही, त्यामुळे प्रत्येक गिटारवादकाला तो वाढवण्याचा मोह होतो. गिटारवरची आवाजाची कळ साथीच्या वेळी निम्म्यावर आणि सोलोला जरा वर, इतका साधा नियम पाळणारे वादक यजमानाच्या लक्षात राहतात. शिकागोच्या हिवाळ्यात आणखी एक पथ्य आहे. बाहेर उणे पंधरा-वीस अंश सेल्सिअस असताना मोटारीतून आणलेली गिटार दारातून आत येताच पेटीतून काढली तर एकाएकी लागलेल्या उबेने लाकडावरच्या लॅकरला केसासारख्या भेगा पडतात आणि तारा अर्धा तास सुरात राहत नाहीत. म्हणून पेटी बंदच ठेवून कोपऱ्यात उभी करायची, यादीत नाव लिहायचे आणि पहिला तास मुकाट्याने हाउस बँड ऐकायचा. थंडीने लादलेला हा तास लेखकाच्या मते संपूर्ण रात्रीतला सर्वांत मोलाचा होय, कारण त्या रात्रीचा ड्रमर मात्रेच्या किंचित मागे बसतो की पुढे, हे त्या तासात समजते आणि वर गेल्यावर त्याच्याशी भांडावे लागत नाही.

गाण्यांच्या निवडीविषयी एक तक्रार नोंदवण्याजोगी आहे. रॉबर्ट जॉन्सन या गायक-गिटारवादकाने १९३६ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘स्वीट होम शिकागो’ हे गाणे या शहरात दर जॅमला, कधी कधी एकाच रात्री दोनदा वाजते, आणि २०१२ साली बडी गायने व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांना त्याच्या ओळी गायला लावल्यापासून पर्यटकांची त्याबद्दलची मागणी आणखीच वाढली असावी, असा लेखकाचा संशय आहे. घरचे वादक ते गाणे ओठ आवळून वाजवतात. तरीही नव्या माणसाने ते मागितले तर यजमान नाही म्हणत नाही, कारण नवख्याला ते सोडून दुसरे येत नसण्याची शक्यता त्याला ठाऊक असते.

परक्या माणसाने हे संगीत वाजवावे का, हा प्रश्न लेखकाला कोणी फारसा विचारला नाही. त्याने स्वतःच तो पुष्कळदा विचारला. ब्लूजचे जुने क्लब शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत होते, आणि १९७० च्या दशकानंतर हा व्यवहार हळूहळू उत्तर भागातल्या, प्रामुख्याने श्वेतवर्णीय गिऱ्हाइकांच्या क्लबांकडे सरकला. आज अनेक जॅममध्ये ज्यांच्या आजोबांनी हे संगीत घडवले ते संख्येने कमी आणि सप्ताहअखेरीस छंद म्हणून वाजवणारे डॉक्टर, वकील, संगणक अभियंते जास्त असे दृश्य दिसते. लेखक या दुसऱ्या वर्गातला आहे, फक्त त्याचा रंग आणि आडनाव वेगळे. वृद्ध कृष्णवर्णीय वादकांनी त्याला वागवले ते सौजन्याने, परंतु ते सौजन्य आणि स्वीकार यांत अंतर होते आणि ते अंतर कधी कमी झाले असेल तर सोलोमुळे झाले नाही. त्यांच्यापैकी एकाने गाण्याच्या मध्येच मान न वळवता डावा तळवा मागे करून खाली दाबला, म्हणजे आवाज उतरव, आणि लेखकासह सगळा बँड एका खंडात कुजबुजण्याइतका खाली आला. गाणे संपल्यावर त्याने पुढचे गाणे कोणत्या पट्टीत ते प्रथमच लेखकाकडे पाहून दाखवले. जॅममध्ये याहून मोठे प्रमाणपत्र दिले जात नाही.

या सवयी क्लबबाहेरही उपयोगी पडल्या. शिकागोतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात भावगीते आणि अभंग यांच्या मागे गिटार धरण्याचे काम लेखकाकडे येते तेव्हा गायिका अंतऱ्यानंतर ध्रुवपदावर कधी परतणार हे तिने आधी ठरवलेले नसते आणि तबलजी शेजारच्या गावाहून गाडी हाकत येऊन थेट बैठकीवर बसलेला असतो; अशा वेळी खांद्याकडे पाहण्याची, खालच्या तारा सोडून देण्याची आणि ओळ संपेपर्यंत गप्प राहण्याची सवय जशीच्या तशी कामी येते. पेटीवाल्याचे सप्तक मोकळे सोडले तर तो गिटारवर रागावत नाही, हा अनुभवही तिथलाच.

भारतात ब्लूजला श्रोते नाहीत असे म्हणता येणार नाही. मुंबईत २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला, त्याच्या पहिल्याच वर्षी बडी गाय वाजवून गेला, आणि शिलाँगच्या सोलमेटसारखा बँड त्याआधीपासून हे संगीत निष्ठेने करत आला आहे. पण महोत्सवाने श्रोता घडतो, साथीदार घडत नाही; त्यासाठी दर आठवड्याला ठरलेल्या वारी उघडी असणारी, ड्रमचा संच कायमचा मांडून ठेवलेली एखादी लहानशी जागा लागते. सुटीत पुण्याला आल्यावर असे काही सुरू करावे म्हणून सल्ला विचारणारे तरुण लेखकाला भेटतात आणि चांगला अँप्लिफायर कोणता, किती गिटारवादक गोळा करावेत, येथूनच त्यांच्या प्रश्नांची सुरुवात होते. त्यांना तो एवढेच सांगतो की कान तयार असलेला एक ड्रमर आणि एक बासवादक यांना पदरचे पैसे देऊन वर्षभर बांधून घ्यावे आणि यादीचा कागद दाराशी ठेवावा. गिटारवादक शोधावे लागत नाहीत.